मंद स्वराचे बळ : कॅथलीन फेरिअर आणि एक नाताळगीत

काही गाणी अतिपरिचयाने मरतात. लोक ती विसरत नाहीत, उलट सदासर्वदा गातात आणि म्हणूनच ती कोणी ऐकेनासे होते. 'श्टिले नाख्ट' या जर्मन नाताळगीताची, म्हणजे इंग्रजीतून जगभर पसरलेल्या 'सायलेंट नाइट'ची, आज तीच गत झाली आहे. डिसेंबर उजाडला की दुकानांतून, स्टेशनांवरून, शाळांच्या स्नेहसंमेलनांतून आणि ध्वनिवर्धकांतून ते इतके ओसंडते की शांततेवरचे हे गीत वर्षातल्या सर्वांत गोंगाटाच्या दिवसांचे चिन्ह होऊन बसले आहे. अशा गीताबद्दल नव्याने काही लिहावे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आम्हांसही तो पडला होता. परंतु कॅथलीन फेरिअर या इंग्रज गायिकेने १९४८ साली डेक्का कंपनीसाठी बॉइड नील यांच्या तंतुवाद्यवृंदाच्या साथीने गायिलेली या गीताची ध्वनिमुद्रिका पुन्हा एकदा लक्षपूर्वक ऐकली, आणि गाणे शिळे झालेले नसून आपला कान शिळा झाला आहे, असे आमच्या प्रत्ययास आले. त्या प्रत्ययाची कारणे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम गीताच्या जन्माकडे वळू. त्याच्याविषयी दंतकथा पुष्कळ आहेत. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला आणि म्हणून घाईघाईने गिटारवर हे गाणे बसवावे लागले, ही त्यांतली सर्वांत लाडकी. तिला पुरावा नाही आणि तिची गरजही नाही, कारण खरी हकीकतच अधिक हृदयस्पर्शी आहे. गीताचे शब्द योझेफ मोर या तरुण धर्मोपदेशकाने १८१६ साली मारियाफार नावाच्या डोंगरी गावात लिहिले. मोर हा साल्झबुर्ग शहरात विणकाम करून पोट भरणाऱ्या एका स्त्रीचा अनौरस मुलगा. त्याचा बाप सैन्यातून पळालेला शिपाई होता. ज्या वर्षी त्याने हे कवन लिहिले, ते वर्ष नेपोलियनच्या युद्धांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या युरोपला थंडीचे आणि पीकबुडीचे गेले. उन्हाळा न आलेले वर्ष म्हणूनच इतिहासात त्याची नोंद आहे. पुढे मोर ओबेर्नडोर्फ या साल्झाख नदीकाठच्या गावी सहायक धर्मोपदेशक म्हणून गेला. जवळच्या आर्न्सडोर्फ गावचा शाळामास्तर फ्रान्झ झावर ग्रूबर हा तेथील चर्चमध्ये ऑर्गन वाजवी. १८१८ सालच्या २४ डिसेंबरला मोरने आपले कवन ग्रूबरच्या हाती ठेवले आणि दोन गळे, गायकवृंद व गिटार यांच्यासाठी चाल लावून मागितली. त्याच रात्री सेंट निकोलसच्या चर्चमध्ये दोघांनी ते गायिले. मोरने वरचा स्वर धरला व गिटार वाजविली, ग्रूबरने खालचा स्वर सांभाळला आणि कडव्याच्या शेवटच्या ओळी गायकवृंदाने पुन्हा म्हटल्या.

या ओबेर्नडोर्फविषयी एक गोष्ट आमच्या सीमाभागातील वाचकांस मुद्दाम सांगावीशी वाटते. हे गाव म्हणजे मुळात नदीपलीकडच्या लाउफेन या नगराचेच उपनगर. दोन्ही काठ एकाच नगराचे होते. मिठाच्या होड्यांवर त्यांचा संसार चाले, आणि नातीगोती नदी ओलांडून जात येत. १८१६ साली राज्यकर्त्यांनी तह केला, साल्झाख नदी हीच सीमा ठरविली, लाउफेन बव्हेरियाकडे गेले आणि ओबेर्नडोर्फ ऑस्ट्रियाकडे राहिले. एका नगराची दोन राज्यांत वाटणी झाली. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेनंतर नकाशावरील रेघ घरादारांतून कशी जाते, हे बेळगाव, निपाणी, खानापूर येथील लोकांना निराळे समजावून सांगायला नको. दोन्हींतील भेद अनेक आहेत आणि ते पुसून टाकण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की हे गीत कोणा सुखवस्तू राजधानीत, उबदार दिवाणखान्यात जन्मलेले नाही. युद्धाने खंगलेल्या, दुष्काळाने गांजलेल्या आणि नुकत्याच दुभंगलेल्या गावात ते प्रथम गायिले गेले. मोरच्या मूळ सहा कडव्यांपैकी चौथ्यात तर जगातील सर्व जनसमूहांना भाऊ मानून कवेत घेणाऱ्या येशूचे वर्णन आहे. रूढ इंग्रजी पाठ तीन कडव्यांचा असून त्यात हे कडवे नाही. जगाने या गीताचा पाळणा तेवढा उचलला आणि त्यातील बंधुभावाची कळ मागे ठेवली, असे म्हटले तर ते अगदीच खोटे होणार नाही.

आता चालीविषयी. ही चाल सहा मात्रांच्या, तीन-तीनच्या दोन खंडांच्या लयीत आहे. आमच्या वाचकांनी दादऱ्याचे वजन मनात आणले म्हणजे तिच्या झुल्याची कल्पना यावी, मात्र तबल्याचा ठेका तेवढा विसरावा लागेल. सारे स्वर शुद्ध आहेत. आरंभी चाल पंचमावर टेकते, धैवताला हलका स्पर्श करते आणि गांधारावर उतरते. एवढ्याच हालचालीची लगेच पुनरावृत्ती होते. पाळण्याच्या दोरीला दिलेले हे दोन झोके आहेत. पुढे ती पायरीपायरीने वर चढत जाते, शेवटच्या चरणाआधी तार सप्तकातील मध्यमापर्यंत पोहोचते आणि तेथून एका श्वासात मध्य षड्जावर येऊन निजते. म्हणजे इतक्या साध्या दिसणाऱ्या चालीचा पल्ला दीड सप्तकाच्या जवळपास जातो. गाणारे फसतात ते येथेच. आरंभी मूल निजविणारा गळा शेवटी त्या उंच स्वराशी आला की त्याला आपले सामर्थ्य दाखविण्याचा मोह होतो, तो स्वर फुगतो, लांबतो, टाळ्यांची वाट पाहतो, आणि निजलेले मूल दचकून जागे होते. या गीताच्या गायनाची खरी कसोटी त्या एका स्वरावर आहे, असे आमचे मत आहे.

गीताच्या प्रवासात हा मोह वाढतच गेला. झिलरताल खोऱ्यातील गाणाऱ्या कुटुंबांनी ते आपल्या फिरत्या मैफलींतून दूरवर नेले, आणि राइनर कुटुंबाने १८३९ साली ते न्यूयॉर्कमध्ये गायिले. चर्चमधून रंगमंचावर येताना चालीचे काही स्वर बदलले, तिची मूळची मध्यम लय संथ झाली, आणि कर्त्यांची नावे गळून पडली. कोणी ते हायडनचे म्हणू लागले. अखेर १८५४ साली ग्रूबरला आपल्या हाताने त्या रचनेची हकीकत लिहून ठेवावी लागली. तोपर्यंत मोर वारलेला होता. १८४८ साली वाग्राइन येथे तो निधन पावला, तेव्हा त्याच्यापाशी संपत्ती म्हणावी असे काही नव्हते. त्याच्या हस्ताक्षरातील प्रत १९९५ साली उजेडात आली, आणि कवन १८१६चे असल्याचा निर्णायक पुरावा हाती आला. मोठ्या कीर्तीच्या गीताचे कर्ते इतके दिवस अंधारात राहावेत यात खेद आहे खरा, पण त्या गीताच्या प्रकृतीला ते शोभूनही दिसते.

कॅथलीन फेरिअरच्या गाण्याकडे वळण्यापूर्वी तिच्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १९१२ साली लँकेशायरमधील एका खेड्यात, शाळामास्तराच्या घरी ती जन्मली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ब्लॅकबर्नच्या टेलिफोन कचेरीत ती कामाला लागली. संगीतात तिचे नाव होते ते पियानोवादक म्हणून. १९३७ साली कार्लाइल येथील स्पर्धेत ती पियानोसाठी उतरली असताना नवऱ्याने एका शिलिंगाची पैज लावली, म्हणून तिने गायनातही नाव घातले आणि दोन्ही बक्षिसे पटकाविली. महायुद्धाच्या काळात सरकारी साहाय्याने चालणाऱ्या कलासंस्थेतर्फे ती गावोगाव, अगदी कारखान्यांतूनही गायिली. मोठ्या संगीतगृहांच्या आधी ज्या गळ्याला दमलेल्या कामगारांचे कान लाभले, त्या गळ्याला शब्द स्पष्ट उच्चारण्याची आणि श्रोत्यांशी सरळ बोलण्याची सवय लागली, तर त्यात नवल नाही. १९४७ साली एडिंबरा महोत्सवात ब्रूनो वॉल्टर यांच्याबरोबर माहलरची रचना गायिल्यावर तिची कीर्ती युरोपभर झाली. म्हणजे प्रस्तुत ध्वनिमुद्रिका तिच्या भरतीच्या काळातली आहे.

तिचा आवाज पाश्चात्त्य परिभाषेत काँट्राल्टो, म्हणजे स्त्रीकंठातील सर्वांत खालच्या पट्टीचा. हे गीत बहुधा सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीच्या गळ्यांकडून किंवा मुलांच्या कोवळ्या आवाजांतून ऐकावयास मिळते. तेव्हा ते आकाशातून, देवदूतांच्या बाजूने आल्यासारखे भासते. फेरिअरच्या कंठातून ते जमिनीवरून येते. बाळाशेजारी बसलेल्या, दिवसभराच्या श्रमाने जड झालेल्या बाईचा तो आवाज आहे. या एका फरकाने गीताचा सारा दृष्टिकोनच पालटतो. आपण वर पाहत नाही, खाली गोठ्यात पाहतो.

तिच्या गाण्याचे मार्दव कशात आहे, हे नेमके सांगितले पाहिजे, कारण 'मृदू', 'गोड', 'भावपूर्ण' ही विशेषणे आमच्या संगीतसमीक्षेत फार स्वस्त झाली आहेत. पहिली गोष्ट अशी की हा आवाज लहान नाही. ज्या गळ्याने ग्लुकचा ऑर्फिअस उभा केला, तो गळा येथे मुद्दाम आवरून धरलेला आहे. दुबळ्या माणसाने आवाज चढविला नाही, यात कसले मार्दव? समर्थाने तो चढविला नाही की मग त्यास मार्दव म्हणावे. दुसरी गोष्ट स्वरांच्या जोडणीची. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना ती घसरत नाही आणि तुटतही नाही. पाण्यावरून होडी सरकावी तशी चाल पुढे जाते. तिसरी गोष्ट शब्दांची. प्रत्येक अक्षर कळते, पण एकाही शब्दावर बोट ठेवलेले नाही. आणि चौथी गोष्ट त्या उंच स्वराची. तेथे पोहोचताना आवाज वाढण्याऐवजी जणू उजळतो. थांबा न घेता, मान वर न करता ती त्या स्वरावरून जाते आणि उतरू लागते. तो उतार हाच तिच्या गाण्याचा प्राण आहे. अन्य गायक चढण गातात, ही बाई उतरण गाते.

तुलनेसाठी आणखी दोन गायिका घेऊ. एर्नेस्टीन शूमान-हाइंक हीही काँट्राल्टोच. प्रागजवळ १८६१ साली जन्मलेली, पुढे अमेरिकेची नागरिक झालेली. १९२६पासून जवळजवळ मरेपर्यंत दरवर्षी नाताळात ती हे गीत रेडिओवरून गात असे आणि लाखो अमेरिकन घरांत त्याशिवाय नाताळ पुरा होत नसे. पहिल्या महायुद्धात तिचा एक मुलगा जर्मन आरमारात कामी आला, तर दुसरी मुले अमेरिकेच्या बाजूने सैन्यात होती. तिच्या गाण्यात आजीचा अधिकार आहे. जुन्या नाट्यगृहातील भारदस्त बोली तिच्या स्वरांत आहे. महालिया जॅक्सनने १९६२ साली कोलंबियासाठी काढलेल्या नाताळगीतांच्या संग्रहात हेच गीत निराळ्याच वाटेने नेले. ती लय ताणते, स्वरांना वेलांट्या देते, एका अक्षरावर थबकून प्रार्थना करते. आमच्या ठुमरीच्या कानाला ते अधिक जवळचे वाटेल. तिघींची वाट वेगळी आहे. शूमान-हाइंक सांगते, जॅक्सन आळवते, आणि फेरिअर केवळ सोबत करते. पहिल्या दोघींना ऐकताना आपण गायिकेकडे पाहतो. फेरिअरला ऐकताना गायिका दिसेनाशी होते, आणि हा आमच्या मते तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

दोष नाहीतच असे नव्हे. तंतुवाद्यांची साथ नेटकी असली तरी ती थोडी अधिक साखर घालते. मोरची गिटार खडबडीत होती, आणि त्या खडबडीतपणात गावाचा वास होता. मूळ दोन गळ्यांचा संवादही एकट्या गायिकेच्या वाट्याला आल्यामुळे नाहीसा झाला आहे. एकाने म्हणावे व दुसऱ्याने खालून आधार द्यावा, यात दोन मित्रांच्या सहकार्याची जी ऊब होती ती येथे शोधून सापडणार नाही. संथ लयीविषयीचा आक्षेप मात्र एकट्या फेरिअरवर ठेवता येणार नाही. शंभर वर्षांची रूढी तिच्यापुढे होती. तरीही ही तबकडी ऐकल्यावर मूळ मध्यम लयीतील, गिटारच्या साथीचे दोन पुरुषकंठांचे गायनही रसिकांनी अवश्य ऐकावे.

आणखी एका मोहापासून आम्ही स्वतःस व वाचकांस सावध करू इच्छितो. फेरिअरला १९५१ साली कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. फेब्रुवारी १९५३मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑर्फिअसची भूमिका चालू असताना तिच्या मांडीचे हाड मोडले, तरी तिने तो प्रयोग पुरा केला, आणि त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, तिचा अंत झाला. ही हकीकत ठाऊक असणारा श्रोता तिच्या प्रत्येक स्वरात मरणाची सावली ऐकू लागतो. पण १९४८ साली तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्या गाण्यातली शांती ही मरणाशी केलेली तडजोड नव्हे. ती एका निरोगी, हसऱ्या, कामसू बाईची शांती आहे. चरित्रातील अश्रू गाण्यात ओतून ते पवित्र करून घेणे हा गाण्याचाही अवमान आहे आणि गाणारीचाही.

आता मुख्य आक्षेप. बाहेर जग जळत असताना हे मंद, सौम्य गाणे म्हणजे पळवाट नाही काय? निजलेल्या बाळाचे चित्र पुढे करून माणसांना निजविण्याचाच हा प्रकार नव्हे काय? आक्षेप हलका नाही, आणि हे गीत जेव्हा दुकानदारीच्या कामी येते तेव्हा तो खराही आहे. परंतु गीताचा इतिहास वेगळी साक्ष देतो. १९१४ सालच्या नाताळच्या पूर्वरात्री फ्लँडर्सच्या खंदकांतून जर्मन शिपायांनी नाताळगीते गायिली आणि समोरून इंग्रज शिपायांनी आपल्या गीतांनी उत्तर दिले. त्या गीतांत हेही होते. काही ठिकाणी माणसे खंदकांतून बाहेर येऊन एकमेकांना भेटली. युद्ध त्याने थांबले नाही. गाण्याने युद्धे थांबत नसतात. पण समोरचा शत्रूही आपल्या आईचा पाळणा ओळखतो, एवढे त्या रात्री सिद्ध झाले, आणि वरिष्ठांना ते इतके धोक्याचे वाटले की पुढे असे प्रकार घडू नयेत म्हणून सक्त हुकूम सुटले. ज्या गाण्याची सेनापतींना धास्ती वाटते, त्याला पळवाट कसे म्हणावे?

याच दृष्टीने १९४८ हे साल लक्षात घ्यावे. जर्मनीशी दुसरे युद्ध संपून पुरती चार वर्षेही झाली नव्हती. इंग्लंडात शिधापत्रिका चालू होत्या, नगरांत बाँबने पडलेली घरे तशीच उभी होती. अशा वेळी एक इंग्रज गायिका शत्रूच्या भाषेत जन्मलेले गीत आपल्या भाषेतून गाते. तिने त्यात निषेध घातला नाही आणि क्षमेचे प्रदर्शनही केले नाही. तिने ते नुसते नीट गायिले. कोणाच्याही मुलाला निजविता येईल असे गायिले. मोरच्या गळून पडलेल्या चौथ्या कडव्याचा अर्थ शब्दांवाचून परत आला, असे आम्ही म्हणू.

आमच्या वाचकांस या गाण्याशी नाते जोडणे कठीण नाही. देवाला बाळ करून पाळण्यात घालणे आम्हांस परके नाही. रामनवमीच्या दुपारी आणि गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री दोरी हाती धरून आमच्या आयाबहिणी तेच करीत आल्या आहेत. गोव्याच्या मातीत तर ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत उतरून चारशे वर्षे होऊन गेली. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. मंद स्वराचे बळ काय असते, तेही आम्ही जाणतो. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांनी १९३७पर्यंत तेच तर ऐकविले. त्यांच्या तबकड्यांतील एकेक हळुवार स्वर आजही मोठमोठ्या तानांना पुरून उरतो.

म्हणून नाताळात हे गीत बसविणाऱ्या आमच्या गावोगावच्या गायकवृंदांस, मग ते सासष्टीतले असोत, बेळगावच्या कँपातले असोत की वडोदऱ्यातले, एक विनंती करावीशी वाटते. निदान एक कडवे ध्वनिवर्धक बंद ठेवून गावे. उंच स्वरापाशी थांबू नये. उतरणीकडे लक्ष द्यावे. मागच्या बाकावरच्या म्हातारीला ते ऐकू येणार नाही, अशी भीती बाळगू नये. सारे गप्प झाले की तिला ते निश्चित ऐकू येईल, आणि तिच्या मांडीवर एखादे मूल निजलेले असेल तर तेही जागे होणार नाही.